दिवसभर मासेमारी, पण मासा घरी न्यायचा नाही!

अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीजमध्ये लोक गाइडला पैसे देऊन दिवसभर बोनफिश शोधतात आणि पकडला की लगेच सोडून देतात. का? कारण तिथे हा मासा घरी न्यायला बंदी आहे.

बोनफिश भरतीबरोबर गुडघाभर पाण्यात खेकडे-कोळंबी खायला येतो. इंजिनच्या आवाजाने तो बिथरतो. शिवाय पंख्याने समुद्री गवत उपटतं. म्हणून गाइड इंजिन बंद करतो, मागच्या उंच फळीवर उभा राहतो आणि लांब काठीने होडी ढकलतो. मासा बहुतेकदा त्यालाच आधी दिसतो. गळ मात्र तुम्ही टाकायचा.

खरी परीक्षा मासा सोडताना असते. हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. दमलेला मासा शार्कच्या तोंडी गेला, तर सोडून काय उपयोग?