तरंग-प्रकाशशास्त्रातील प्रारंभिक उदाहरणे: सूत्रापूर्वीचा निर्णय

सारांश: व्यतिकरण व विवर्तन यांवरील प्रारंभिक उदाहरणांत चूक बहुधा आकडेमोडीत होत नाही, ती सूत्राचा अर्थ ठरविताना होते. पातळ पटलाच्या दोन उदाहरणांच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात स्पष्ट केला असून अध्यापन व मूल्यमापनाच्या दृष्टीने काही सूचना केल्या आहेत.

बीजसंज्ञा: व्यतिकरण, विवर्तन, पथांतर, कलाबदल, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

भिंगे व आरसे यांवरील उदाहरणांत योग्य सूत्र निवडणे, चिन्हसंकेत पाळणे आणि किमती भरणे एवढ्याने बहुधा काम भागते. पदवीच्या प्रथम वर्षी विद्यार्थी ही सवय घेऊनच तरंग-प्रकाशशास्त्राकडे वळतो. येथे मात्र ती फसवी ठरते. कारण एकाच रूपाचे समीकरण एका ठिकाणी प्रकाशाची, तर दुसऱ्या ठिकाणी अंधाराची अट सांगते. म्हणून सूत्र वापरण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. कोणते दोन तरंग एकत्र येत आहेत आणि त्यांच्या कलांत फरक कशामुळे पडला, हा तो निर्णय होय.

२. एकच समीकरण, दोन अर्थ

यंगच्या दुहेरी फटीच्या प्रयोगात दोन फटींमधील अंतर गुणिले कोनाचे साइन ही राशी तरंगलांबीच्या पूर्णांक पटीइतकी झाली की तेजस्वी पट्टा मिळतो. एकेरी फटीच्या विवर्तनात फटीची रुंदी गुणिले कोनाचे साइन ही राशी तरंगलांबीच्या शून्येतर पूर्णांक पटीइतकी झाली की काळा पट्टा मिळतो. पाठांतरावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला हा विरोधाभास वाटतो.

वस्तुतः पहिल्या ठिकाणी दोनच उगम आहेत. त्यांतील पथांतर पूर्ण तरंगलांबीइतके असल्याने तरंग परस्परांना पूरक ठरतात. दुसऱ्या ठिकाणी तेच पथांतर फटीच्या दोन कडांमधील आहे. फटीचे दोन समान भाग कल्पिल्यास वरच्या भागातील प्रत्येक बिंदूला खालच्या भागात असा जोडीदार सापडतो की, त्या दोघांमधील पथांतर अर्ध्या तरंगलांबीइतके असते. अशा सर्व जोड्या परस्परांना नष्ट करतात व प्रथम काळा पट्टा मिळतो. ही जोडी आकृतीत एकदा काढून दाखविली की दोन्ही अटी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

३. पातळ पटल: समान जाडी, विरुद्ध परिणाम

पातळ पटलावर प्रकाश लंब दिशेने पडला असता वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेल्या तरंगांतील प्रकाशीय पथांतर दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले जाडी एवढे असते. पुढील दोन उदाहरणे एकत्र द्यावीत.

उदाहरण अ: हवेतील साबणाच्या पटलाची जाडी १०० नॅनोमीटर व अपवर्तनांक १.३३ आहे. पथांतर = २ × १.३३ × १०० = २६६ नॅनोमीटर.

उदाहरण आ: १.५२ अपवर्तनांकाच्या काचेवर १.३८ अपवर्तनांकाच्या मॅग्नेशियम फ्लोराइडचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर आहे. पथांतर = २ × १.३८ × १०० = २७६ नॅनोमीटर.

दोन्ही पथांतरे हिरव्या प्रकाशाच्या सुमारे अर्ध्या तरंगलांबीइतकी आहेत. तरीही 'अ' मध्ये ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश प्रबळपणे परावर्तित होतो, तर 'आ' मध्ये ५५२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सर्वांत कमी परावर्तित होतो. हा फरक परावर्तनामुळे पडतो. कमी अपवर्तनांकाच्या माध्यमातून येणारा तरंग अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमावरून परावर्तित होताना त्याची कला १८० अंशांनी बदलते. उलट स्थितीत ती बदलत नाही. साबणाच्या पटलात केवळ वरच्या पृष्ठावर हा बदल होतो व अर्ध्या तरंगलांबीची भर पडून तरंग पुन्हा समकला होतात. काचेवरील थरात दोन्ही पृष्ठांवर बदल होतो, त्यामुळे दोहोंचा परिणाम परस्परांत विरून जातो आणि केवळ पथांतर उरते.

चष्म्याच्या व कॅमेऱ्याच्या भिंगांवरील परावर्तनरोधी थरांमागे हेच तत्त्व आहे. साध्या काचेचे एक पृष्ठ सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते. उपरोक्त थरामुळे हे प्रमाण हिरव्या प्रकाशासाठी सुमारे १.३ टक्क्यांवर येते. कलाबदल विसरणारा विद्यार्थी 'अ' चे उत्तर चुकवतो, पण 'आ' चे उत्तर बरोबर काढतो. केवळ अंतिम उत्तराला गुण दिल्यास ही उणीव शिक्षकाच्या लक्षातही येत नाही.

४. प्रयोगशाळेतील पडताळा

न्यूटनच्या वलयांचा प्रयोग अनेक महाविद्यालयांत सोडियम दिव्यावर केला जातो. भिंग व काचपट्टी जेथे टेकतात तेथे हवेच्या पटलाची जाडी जवळजवळ शून्य असते. पथांतर नसल्याने तेथे प्रकाश अपेक्षिला जातो. प्रत्यक्षात केंद्र काळे दिसते, कारण एकाच परावर्तनात कला बदलते. थॉमस यंग याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्राउन व फ्लिंट या भिन्न काचांमध्ये सॅसाफ्रास तेल घालून हा तर्क पडताळला. तेलाचा अपवर्तनांक दोन्ही काचांच्या दरम्यानचा असल्याने केंद्र उजळ झाले. प्रयोगवहीत 'केंद्र काळे' एवढीच नोंद न घेता हा प्रश्न विचारल्यास प्रयोग व उदाहरण यांची सांगड बसते.

५. अध्यापनविषयक सूचना

(१) एकत्र येणारे तरंग आकृतीत दाखविल्याशिवाय सूत्र लिहू देऊ नये.
(२) पथांतर आणि परावर्तनजन्य कलाबदल यांची नोंद स्वतंत्र ओळींत करावयास लावावी व त्यांना स्वतंत्र गुण द्यावेत.
(३) उत्तराची टोकाच्या स्थितीत परीक्षा घ्यावी. जाडी शून्याकडे नेली असता साबणाचे पटल काळे दिसले पाहिजे, तर थर दिलेली काच साध्या काचेसारखी वागली पाहिजे.
(४) परिमाणाचा अंदाज घ्यावा. ५८९ नॅनोमीटर तरंगलांबी, फटींमध्ये ०.५ मिलिमीटर अंतर व पडदा १ मीटरवर असता पट्ट्यांतील अंतर सुमारे १.१८ मिलिमीटर येते. ते मीटरमध्ये आल्यास एककांची चूक उघड होते.

६. समारोप

तरंग-प्रकाशशास्त्रातील उदाहरण सोडविणे म्हणजे प्रथमतः दोन तरंगांच्या प्रवासाचा हिशेब मांडणे होय. आकडेमोड ही त्याची अखेरची पायरी आहे. हा हिशेब उत्तरपत्रिकेत दिसावा अशी अपेक्षा मूल्यमापनात ठेवली, तरच विद्यार्थी तो मांडू लागेल. अन्यथा बरोबर उत्तराच्या आड चुकीची समज तशीच पुढील वर्गात जाईल.