माहिती पुढे जाते, दुरुस्ती मागे येते का?

नांदुरा तालुक्यातली दोन मोठी गावे घ्या: चांदूर बिस्वा आणि वडनेर भोलजी. नुसते चांदूर म्हटले की अमरावती जिल्ह्यातले चांदूर बाजार म्हणायचे की चांदूर रेल्वे, हा प्रश्न येतो. नुसते वडनेर म्हटले तर दर्यापूरकडचे वडनेर गंगाई आणि हिंगणघाटजवळचे वडनेरही पुढे येते. नावाला जोड लावून लोकांनी हा घोळ केव्हाच मिटवला. संगणकाला मात्र ‘वडनेर (भोलजी)’ आणि ‘वडनेर भोलजी’ ही दोन गावे वाटतात. जिल्ह्याचे नावच कुठे बुलडाणा तर कुठे बुलढाणा असे लिहिले जाते, तिथे गावांचे काय सांगावे! रेल्वेने स्टेशनांना कोड देऊन हे दुखणे फार आधी संपवले. नांदुऱ्याचा कोड ‘एनएन’, नंदुरबारचा वेगळा, त्यामुळे तिकीट चुकत नाही. महसुली गावांनाही आता असे क्रमांक आहेत, आणि 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाशेजारी तो क्रमांक छापला जाऊ लागला. वरवर पाहता किरकोळ बदल. पण दोन खात्यांच्या माहितीची जोडणी सुरू होते ती इथून.

कारण शेतकऱ्याची माहिती एका जागी कधीच नव्हती. मालकी सातबाऱ्यावर, म्हणजे महसूल खात्याकडे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. नकाशा आणि मोजणी भूमी अभिलेखकडे. कर्ज बँकेत नाहीतर सोसायटीत, आणि ओळख आधारमध्ये. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, त्यामुळे पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवरून येऊ लागली. 2024 च्या डिसेंबरपासून अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. या सगळ्यांना जोडणे म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या लेखी दोनच प्रकार: एकतर ठरावीक वेळाने एका खात्याची फाईल दुसऱ्याकडे पाठवायची, नाहीतर गरज पडेल तेव्हा मूळ खात्यालाच विचारायचे. दोन्ही जमतात, आणि प्रकल्पांच्या सादरीकरणात बाण काढून दाखवतात ते याचेच. माझे म्हणणे असे की हे बाण एका दिशेने काढून भागत नाही. चूक दिसते ती साखळीच्या शेवटच्या टोकाला, बँकेच्या खिडकीवर किंवा सेवा केंद्रात. ती दुरुस्त होते पहिल्या टोकाला, तहसीलमध्ये. या दोन टोकांमधली परतीची वाट ज्या प्रकल्पात आखलेली नाही, तो जोडणी करत नाही, चुका वेगाने वाटतो.

चांगल्या सांध्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. नोंदणी विभागाची आय-सरिता आणि महसूलची ई-फेरफार या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या आहेत. दस्त नोंदवला की त्याची माहिती तहसीलकडे जाते आणि फेरफाराची कारवाई सुरू होते. ही कल्पना संगणकाची नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 154 नेच नोंदणी अधिकाऱ्यावर हस्तांतरणाची खबर देण्याचे काम टाकले आहे. पूर्वी ती कागदाने जायची आणि रेंगाळायची. प्रणालीने हा प्रवास लहान केला. पण माहिती आली म्हणून सातबारा लगेच बदलत नाही. कलम 150 प्रमाणे गाव नमुना 6 मध्ये नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: सगळे ऑनलाइन झाल्यावर मध्ये पटवारी आणि मंडळ अधिकारी हवेतच कशाला? (तलाठ्याचे नाव 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी झाले, वऱ्हाडात तोंडी अजून पटवारीच आहे.) दस्त झाला त्या मिनिटाला नाव बदलले तर हेलपाटे वाचतील. हेलपाटे खरे आहेत, त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण 1908 च्या नोंदणी कायद्याने नोंदवला जातो तो दस्त. विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा, याचा निवाडा दुय्यम निबंधक करत नाही. वारसातल्या बहिणीला न विचारता भावाने जमीन विकली, तर दस्त नोंदवलेला असतो आणि तरीही बहिणीची हरकत रास्त असते. ते 15 दिवस तिच्यासाठी आहेत. प्रणाली थेट जोडून हा मधला थांबा काढला, तर वेग मिळेल आणि बहिणीच्या हाती दिवाणी दावा उरेल. कामचुकारपणाचा इलाज कामाची तारीख सर्वांना दिसेल असा करावा, थांबाच काढून नव्हे.

आता आकडेमोड पाहू, कारण नावाइतकाच घोळ तिथे आहे. पाच एकर म्हणजे 2 हेक्टर 2 आर आणि वर थोडे. तीन भावांत सारखी वाटणी झाली आणि नोंद आरपर्यंतच लिहिली, तर प्रत्येकाला 67 आर. तिघांची बेरीज 2 हेक्टर 1 आर. एक आर हरवला. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, नांदुऱ्यात घराचा प्लॉट पडेल एवढी जागा. वहीत हे कोणाला खुपत नव्हते, कारण बेरीज कोणी मागत नव्हते. संगणक गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज ताडून पाहतो आणि मेळ बसला नाही की अडतो. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळवण्यासाठी 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, ते याच जातीच्या चुका वर काढण्यासाठी. लेखनप्रमाद सुधारायला कलम 155 आहे, पण त्यासाठी तहसीलदाराचा आदेश लागतो आणि तो लागलाच पाहिजे. नाहीतर बेरीज जुळवायला कोणीही कोणाचा आर कापेल.

परतीची वाट असण्या-नसण्याने काय फरक पडतो, हे दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवल्या की दिसते. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता आणि बँकेने 66 रकान्यांचा तक्ता. दोन स्वतंत्र याद्या, नंतर त्यांची गाठ मारायची. त्यात दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती. बँकेला खाते माहीत, आधारला माणूस माहीत, महसूलला खातेदार माहीत. कुटुंब कोणाच्याच तक्त्यात नव्हते. ऑक्टोबरमध्ये वाटपाचा समारंभ झाला आणि पाठोपाठ एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याचे उघड होऊन याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. बँकांनी आपली कर्जखाती चढवली, यादी लागली, शेतकऱ्याने आपले सरकार केंद्रावर नाहीतर बँकेत जाऊन अंगठा लावला आणि पडद्यावरची रक्कम मान्य की अमान्य एवढे सांगितले. अमान्य म्हटले की तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. 24 फेब्रुवारी 2020 ला पहिली यादी लागली आणि काम तुलनेने सुरळीत झाले.

याचे सारे श्रेय सॉफ्टवेअरला देता येणार नाही. दुसऱ्या योजनेच्या अटीच सुटसुटीत होत्या, आणि पहिलीचे चटके ताजे होते. पण अट सुटसुटीत करणे हाही जोडणीच्या रचनेचाच भाग आहे: जी गोष्ट कोणत्याही खात्याच्या नोंदीत नाही, तिच्यावर अट बांधू नये. आणि ‘अमान्य’ या एका बटणाने, पैसे खात्यात जाण्याआधी, ज्याची माहिती आहे त्यालाच ती तपासायला लावले. 2017 च्या 66 रकान्यांत शेतकऱ्याने ‘हे चूक आहे’ म्हणण्याचा रकाना नव्हता.

मग आधारच सर्वत्र लावला की झाले, असे म्हणणारे आहेत. आधार माणूस ओळखतो. सातबारा नाव ओळखतो. वऱ्हाडातल्या जुन्या नोंदींत ‘अमुक वल्द तमुक’ असते, आडनाव नसते, आणि खाते सामाईक असेल तर पाच जणांत वाटा कोणाचा किती हेही स्पष्ट नसते. आधार जोडल्याने तो वाटा ठरत नाही. सगळ्यांची मिळून एकच मोठी प्रणाली करा, हा दुसरा उपाय आणखी धोक्याचा. बँकेच्या नोंदीला बँक जबाबदार, मालकीच्या नोंदीला महसूल. एका डब्यात टाकले की चूक कोणाची हे विचारायला दारच राहत नाही, शिवाय कोणाच्याही कर्जाची माहिती नको त्याच्या डोळ्यांपुढे येते.

जुन्या वहीत एक शहाणपण होते. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. नाव कुठून आले हे विचारले की नमुना 6 काढायचा. जिगाव प्रकल्पासाठी पूर्णाकाठची जमीन संपादित झाली की क्षेत्र का घटले, हे सांगणारा कागदही भूमी अभिलेखच्या कमी-जास्त पत्रकापर्यंत मागे नेता येतो. 2020 च्या नमुन्यात याहून कामाची एक ओळ आली: प्रलंबित फेरफार. ही नोंद अजून पक्की नाही, एवढे ती वाचणाऱ्याला सांगते. सातबाऱ्याची माहिती बँकेकडे, पीक विम्याकडे किंवा कापूस खरेदीच्या नोंदणीकडे जाते तेव्हा नाव, गट आणि क्षेत्राबरोबर फेरफाराचा क्रमांक आणि ही ओळही गेली पाहिजे. दोन रकाने वाढतील, इतकेच. नांदुऱ्याच्या बँकेत ‘तुमचे क्षेत्र जुळत नाही’ असे ऐकणाऱ्या शेतकऱ्याला मग तहसीलमध्ये कोणता क्रमांक घेऊन जायचे, हे खिडकीवरचा माणूस सांगू शकेल.