खोक्यातले इंजिन आणि कागदी घोडे

‘कागदी घोडे नाचवणे’ हा आपला वाक्प्रचार अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या एका शाखेला अक्षरशः लागू पडतो. ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावतात. त्यातल्या ‘स्टॉक’ गटात गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हाच्या जवळपास असावी लागते. तिचा वर्ग ठरतो तो कंपनीने नोंदवलेल्या वजनाला अश्वशक्तीने भागून. ३२०० पौंडांची गाडी आणि ३२० अश्वशक्ती, तर एका घोड्यामागे १० पौंड.

आता हे घोडे मोजायचे कोणी? १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) स्थापन केली. पुढे कंपन्यांच्या लक्षात आले की कागदावर अश्वशक्ती कमी दाखवली, तर गाडी सोप्या वर्गात बसते. १९६८च्या फोर्ड मस्टँगमधल्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाची अधिकृत शक्ती ३३५ होती. ती प्रत्यक्षात बरीच जास्त आहे, हे धावपट्टीवर कोणालाही दिसत होते. म्हणून संघटना आपला स्वतःचा आकडा ठरवते आणि गाड्या फार वेगाने धावू लागल्या की तो वाढवते. स्टॉकमधला घोडा असा वाटाघाटीतून जन्मलेला असतो.

खरी अडचण पैशांची. ‘मूळ इंजिन’ म्हणजे आज अनेकदा पन्नास वर्षांपूर्वीचे, दुर्मीळ ओतकाम. शिवाय नियमात मुभा आहे तिथे प्रत्येक माप मर्यादेच्या टोकापर्यंत आणून बसवणारे कारागीर असतात, आणि त्यांची मजुरी कारागिरीला साजेशी असते. गाडी कायदेशीर, पण शेजारच्या तशाच गाडीपेक्षा कित्येक पटींनी महाग. यावर उत्तर म्हणून आले क्रेट इंजिन: कारखान्यात पूर्ण जोडलेले, खोक्यात भरून विकले जाणारे. सर्वांत परिचित नमुना जनरल मोटर्सचा ‘६०२’. हे नाव त्याच्या भाग क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून पडले. ३५० घन इंचांचे, ३५० अश्वशक्तीचे हे इंजिन मुख्यतः मातीच्या गोल धावपट्ट्यांसाठी आहे. त्याचे काही बोल्ट खास मोहरबंद असतात. इंजिन उघडले तर ते लपत नाही. एनएचआरएच्या स्टॉक गटातही निवडक क्रेट इंजिनांना वाट मिळाली आहे.

म्हणून नवख्याने सर्वांत आधी इंजिन विकत घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. नेमके तेच करू नये. कोणते इंजिन कोणत्या बॉडीत मान्य आहे, ही जोडी नियमपुस्तकात ठरलेली असते. खोके दारात येऊन पडल्यावर ते कोणत्याच वर्गात बसत नाही असे कळणे, हा महागडा विनोद आहे. आधी वर्ग, मग बॉडी, मग इंजिन. ड्रॅगच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे, कारण मोहरबंद इंजिनातून वाढीव ताकद काढता येत नाही; सगळा खेळ ती जमिनीपर्यंत पोहोचवण्याचा उरतो.

इथे टॉर्क कन्व्हर्टर पुढे येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामधला हा तेलाने भरलेला डबा. तो इंजिनाच्या स्वभावाला जुळला, तर ब्रेक दाबलेला असतानाही इंजिन हव्या त्या फेऱ्यांपर्यंत चढते आणि सुटताना गाडी धापा टाकत नाही. त्याच्या जोडीला मागच्या अॅक्सलच्या दात्यांचे गुणोत्तर, मागची स्प्रिंग आणि स्टॉकमध्ये नऊ इंच रुंदीपुरतेच मर्यादित असलेले स्लिक टायर. जाणकार पहिल्या साठ फुटांचा वेळ बघतात. तिथे वाचवलेला दशांश सेकंद पाव मैलाअखेर साधारण दीडपट ते दुप्पट होऊन मिळतो. (सुरक्षेचा खर्च यात धरलेला नाही. ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या गाडीत सर्वसाधारणपणे रोल बार सक्तीचा असतो, आणि तो हिशेबात सुरुवातीलाच धरावा.)

शेवटी चालक. १९६३पासून सुरुवात ‘ख्रिसमस ट्री’ नावाच्या दिव्यांच्या खांबाने होते: तीन पिवळे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, मग हिरवा. गाडीचे घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, चाक जागेवरून हलल्यावर सुरू होते. प्रतिक्रियेचा वेळ वेगळा मोजतात. वेगळ्या वर्गांच्या गाड्या समोरासमोर आल्या की प्रत्येक चालक आपला अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो, संथ गाडीला तेवढी आघाडी मिळते आणि जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा बाद ठरतो.

समजा दोघांनी ११.०० सेकंद जाहीर केले. पहिला ०.०२० सेकंदात सुटून ११.०३० सेकंदांत पोहोचतो, दुसरा ०.०७० सेकंदात सुटून ११.००५ सेकंदांत. दुसऱ्याची गाडी वेगवान, पण बेरीज पहिल्याची कमी: ११.०५० विरुद्ध ११.०७५. ताशी १२० मैलांच्या वेगाने हा फरक साधारण सव्वा मीटरचा, आणि त्यात इंजिनाचा वाटा शून्य.