गाडी विका, पण माहिती पुसून

नांदेड शहरातून विष्णुपुरीच्या विद्यापीठाकडे आणि शासकीय रुग्णालयाकडे रोज गाड्यांची रीघ असते. त्यांतल्या नव्या 'कनेक्टेड' गाड्यांत कारखान्यातच ई-सिम बसवलेले असते. उपग्रहांच्या संकेतांवरून गाडी आपले ठिकाण काढते, सेन्सर वेग आणि ब्रेकची नोंद घेतात आणि ई-सिम ती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवते. चोरीची गाडी शोधायला, अपघातात मदत मागवायला हीच सोय कामी येते. पण गाडी रोज रुग्णालयासमोर थांबू लागली, तर घरातले आजारपणही त्या नोंदींतून कळते.

मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँडची गोपनीयता धोरणे तपासली. एकही ब्रँड कसोटीला उतरला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ग्राहकांच्या ड्रायव्हिंगची माहिती विमा कंपन्यांपर्यंत पोहोचली होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून घेण्याची तरतूद आहे.

पण कायद्यावरच विसंबून न राहता आपल्या हातातले करू या. नवी गाडी घेताना तिच्या मोबाइल ॲपच्या परवानग्या वाचा, नको त्या बंद करा. जुनी विकताना स्क्रीनच्या सेटिंगमधून 'फॅक्टरी रीसेट' करा आणि ॲपमधून ती गाडी काढून टाका. नाहीतर तुमचे फोन नंबर आणि घरचा पत्ता नव्या मालकाच्या हाती जातील.