पुढच्या चाकांची कळ आपल्या हाती

फोर-व्हील ड्राइव्हचा ट्रक चिखलात रुततो. चालक दांडा ओढून चारही चाकांना जोर देतो. पण मागची चाके जागीच गरगरतात आणि पुढची ढिम्म हलत नाहीत. इंजिन उत्तम, गिअरबॉक्स ठीक. मग दोष कुठे? जुन्या गाड्यांत तो अनेकदा पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मूठभर आकाराच्या भागात सापडतो. त्याचे नाव लॉकिंग हब.

साध्या रस्त्यावर अशी गाडी मागच्या दोन चाकांच्या बळावर चालते. त्या वेळी पुढच्या चाकांनी आपल्याबरोबर अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्टही फिरवत ठेवले, तर इंधन व्यर्थ जाते, आवाज आणि झीज वाढते. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली यावर उपाय आणला. महायुद्धानंतर नागरिकांच्या हाती आलेल्या जीपगाड्यांसाठी त्यांनी चाक आणि अ‍ॅक्सल यांचा सांधा हवा तेव्हा जोडणारा हब तयार केला. खाली उतरायचे, दोन्ही चाकांवरची चकती 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची, एवढेच काम.

पावसात खाली उतरण्याचा त्रास वाचवण्यासाठी पुढे स्वयंचलित हब आले. १९८०च्या दशकातील अमेरिकी छोट्या ट्रकमध्ये ते बरेच रुळले. अ‍ॅक्सल फिरू लागला की आतील कॅम सरकतो आणि चाक जोडले जाते. सोडवण्यासाठी गाडी दोन चाकांवर आणून थोडी मागे घ्यावी लागते. सोय खरी, पण ही रचना घर्षणावर आणि जोराच्या दिशेवर अवलंबून असते. ग्रीस घट्ट झाले, पाणी शिरले किंवा भाग झिजले, की हब जुळत नाही. तीव्र उतारावर इंजिनाचा ब्रेक हवा असताना जोराची दिशा उलटते आणि हब क्षणभर सुटू शकतो. नेमका तोच क्षण धोक्याचा!

म्हणूनच अनेक मालक हाताने फिरवायचे हब बसवून घेतात. काम अवघड नाही, पण नेमकेपणा हवा. गाडी जॅकवर चढवून स्टँडवर टेकवायची, चाक काढायचे, टोपण आणि सर्क्लिप काढून जुना हब बाहेर घ्यायचा. नव्या हबचे दाते अ‍ॅक्सलच्या दात्यांशी जुळणारेच हवेत. पुष्कळ गाड्यांत बेअरिंगचे नटही बदलावे लागतात. ते टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापानेच आवळायचे. सैल राहिले तर चाक डुलते, फार घट्ट झाले तर बेअरिंग जळते. आत ग्रीस हलकेच लावावे. ठासून भरल्यास सरकता भागच अडतो.

वापराचा नियमही सोपा आहे. दोन्ही हब नेहमी एकाच स्थितीत ठेवावेत. एक जोडलेला आणि दुसरा सुटा असेल, तर साधे डिफरन्शियल सुट्या बाजूलाच फिरत राहते आणि पुढची चाके निरुपयोगी ठरतात. खडतर वाट सुरू होण्याआधीच हब जोडावेत; गाडी दोन चाकांवर असताना ते जोडलेले राहिले तरी बिघाड होत नाही. कोरड्या डांबरावर मात्र चारही चाकांना जोर देऊ नये.

खाली उतरण्याचे कष्ट राहतात, हे मान्य. पण चकतीवरची खूण पाहून हब कुठे आहे ते कळते. आडवाटेवर ही खात्री सोयीपेक्षा मोलाची असते.