परिपत्रकापासून नोंदवहीपर्यंत

वाचकाशी कसं बोलावं, यावर ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात पुष्कळ शिकवतात. ग्रंथालयातल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, हे मात्र आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करता करता शिकलो, आणि त्याला तीस वर्षं लागली.

नव्वदच्या दशकात निरोप म्हणजे परिपत्रक. ते ग्रंथपालांच्या सहीनं निघे, विभागाविभागांतून सह्या घेत फिरे आणि नस्तीत जाई. वरून खाली येण्याची ही वाट ठरलेली होती. खालून वर जाण्याची वाटच नव्हती. प्राध्यापकांनी शिफारस केलेलं पुस्तक येऊन दाखल क्रमांक पडून तांत्रिक विभागात वर्गीकरणासाठी थांबलेलं असे, आणि देवघेवच्या खिडकीवरचा माणूस त्याच प्राध्यापकांना प्रामाणिकपणे सांगे, "अजून आलं नाही."

१९९१ साली विद्यापीठांची ग्रंथालयं संगणकानं जोडणारा इन्फ्लिबनेटचा कार्यक्रम सुरू झाला, २००० मध्ये त्यांची 'सोल' ही ग्रंथालयाच्या कामाची आज्ञावली आली. आता सगळं पडद्यावर दिसेल, असं सर्वांना वाटलं. पण नोंद केली तर दिसणार! तांत्रिक विभाग सगळं काम आटोपल्यावर नोंद करी, त्यामुळे खिडकीवरचं उत्तर बरीच वर्षं तेच राहिलं. पुढे व्हॉट्सॲपचा गट झाला. २०२०च्या टाळेबंदीत त्यानंच काम चालवलं, हे मान्य करायला हवं. एरवी मात्र महत्त्वाचा निर्णय शुभेच्छांच्या गर्दीत वाहून जाई, आणि स्मार्टफोन नसलेल्या परिचरापर्यंत तो पोचतच नसे.

खरी फट होती पाळी बदलताना. सकाळची माणसं निघून गेल्यावर संध्याकाळच्यांना काहीच ठाऊक नसे. त्यावर उपाय निघाला तो अगदी साधा: देवघेवच्या टेबलावर एक जाड नोंदवही. काय घडलं, कोणी काय करायचं, झालं की नाही, हे मराठीत लिहायचं आणि पाळीवर येणाऱ्यानं वाचून सही करायची. जोडीला सोमवारी सकाळी सगळ्यांची छोटी सभा. तिच्यात आधी बोलायचे ते परिचर.

या सभेनंच सर्वांत जास्त बदल घडवला. परीक्षेच्या हंगामात राज्यसेवेची पुस्तकं पडद्यावर 'उपलब्ध' दिसत, पण रॅकवर सापडत नसत. तक्रारी येत, संगणकाला दोष दिला जाई. एका परिचरानं सभेत सांगितलं की, मुलं ती पुस्तकं संस्कृतच्या कपाटांमागे लपवून ठेवतात; दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला मिळावीत म्हणून. त्याला हे केव्हापासून माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं. मग त्या पुस्तकांची एकेक प्रत राखीव विभागात ठेवली आणि तक्रारी थांबल्या.

ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा १९३१चा पाचवा सिद्धान्त आम्हा सर्वांना पाठ होता. ती वाढ आम्ही ग्रंथसंख्येत आणि इमारतींत मोजली. कर्मचाऱ्यांमध्ये वाढलेलं अंतर मोजायचं राहून गेलं.

जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून हजारो संशोधन नियतकालिकं खुली झाली आहेत. विद्यार्थी त्यांची पहिली चौकशी खिडकीवरच करणार. नव्यानं रुजू होणाऱ्या ग्रंथपालांना म्हणूनच माझी विनंती आहे: त्या खिडकीवरच्या माणसाला ही माहिती सर्वांत आधी द्या, आणि सोमवारच्या सभेत परिचरांना आधी बोलू द्या.