वादळानंतर किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची स्वयंसेवी पाहणी

वादळानंतर किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची स्वयंसेवी पाहणी म्हणजे चक्रीवादळामुळे समुद्रात वाहून गेलेले आणि पाण्याखाली दडलेले अवशेष प्रशिक्षित पाणबुड्यांनी विनामोबदला शोधून त्यांची जागा निश्चित करण्याचे काम होय. पोहण्यासाठी राखलेले किनारे हंगाम सुरू होण्यापूर्वी सुरक्षित करणे हा त्यामागील मुख्य हेतू असतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात सँडी चक्रीवादळानंतर, २०१३ च्या उन्हाळी हंगामाच्या तोंडावर, पोहण्याच्या किनाऱ्यांलगत अशी पाहणी करण्यात आली.

पार्श्वभूमी

सँडी हे वादळ २९ ऑक्टोबर २०१२ रोजी संध्याकाळी न्यू जर्सीतील ब्रिगंटाइनजवळ किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होता. पौर्णिमेच्या सुमाराची उधाणाची भरती आणि वादळामुळे चढलेले पाणी एकत्र आल्याने किनारपट्टीची मोठी हानी झाली. मँटोलोकिंग येथे समुद्राने अरुंद रोधक बेट फोडून बार्नेगॅट खाडीपर्यंत वाट काढली व काही घरे खाडीत वाहून गेली. अनेक गावांतील ‘बोर्डवॉक’ म्हणजे किनाऱ्यालगतचे लाकडी पदपथ उखडले. सीसाइड हाइट्स येथे धक्क्याचा भाग कोसळून ‘जेट स्टार’ हा रोलर कोस्टर समुद्रात पडला. त्याचा सांगाडा मे २०१३ मध्ये तोडून काढण्यात आला.

हा सांगाडा दुरूनही दिसत होता. फळ्या, खिळे, खांब, नळ, तारा आणि घरांचे तुकडे मात्र पाण्याखाली नजरेआड राहिले. न्यू जर्सीतील पर्यटनाचा हंगाम मे महिन्यातील शेवटच्या सोमवारी येणाऱ्या ‘मेमोरियल डे’च्या सुट्टीपासून सुरू झाल्याचे मानले जाते. त्यामुळे वादळ आणि हंगाम यांच्यात जेमतेम सात महिन्यांचा अवधी होता, आणि त्यातील बराचसा काळ हिवाळ्याचा होता.

अवशेष कोठे दडतात

वादळी लाटा पुळणीवरील वाळू ओढून समुद्रात नेतात. ही वाळू किनाऱ्यापासून काही अंतरावर साचून तिचा दांडा तयार होतो. तिच्याबरोबर गेलेल्या जड वस्तू तळाशी बसतात आणि अनेकदा वाळूखाली गाडल्या जातात. पुढे उन्हाळ्यातील सौम्य लाटा हीच वाळू हळूहळू किनाऱ्याकडे परत आणतात. या ये-जा करणाऱ्या वाळूमुळे आज झाकलेला खांब काही आठवड्यांनी उघडा पडू शकतो, तर आज दिसणारी वस्तू उद्या पुन्हा झाकली जाऊ शकते. पाण्यात पूर्णपणे भिजलेले लाकूड तरंगत नसल्याने वरून पाहणाऱ्यास त्याचा सुगावा लागत नाही.

पाणबुड्यांची गरज

न्यू जर्सी राज्य शासनाने २०१३ मध्ये ठेकेदारांमार्फत खाड्या व जलमार्गांतील अवशेष काढण्याचे काम हाती घेतले. त्यात तळाचे ध्वनिलहरींद्वारे चित्रण करणाऱ्या सोनार यंत्रणेचा वापर झाला. संथ आणि पुरेशा खोल पाण्यात हे तंत्र उपयुक्त ठरते. परंतु लाटा फुटतात त्या उथळ पट्ट्यात होडी स्थिर राहत नाही आणि पाण्यातील हवेचे बुडबुडे व उसळलेली वाळू ध्वनिलहरींना अडथळा आणतात. लोक पोहतात ते नेमके याच पट्ट्यात. म्हणून तेथे माणसाची नजर आणि हात यांना पर्याय उरत नाही.

शोधाच्या पद्धती

सर्वसाधारणपणे दोन पद्धती वापरल्या जातात. पहिल्या पद्धतीत तळावर दोर ताणून त्याच्या कडेने पाणबुड्यांची जोडी पुढे सरकते. एक फेरी पूर्ण झाल्यावर दोर थोडा सरकवून पुढची पट्टी तपासली जाते. दुसऱ्या पद्धतीत एका स्थिर बिंदूला बांधलेला दोर धरून वर्तुळाकार फिरतात. दोर १० मीटर लांब असल्यास सुमारे ३१४ चौरस मीटर क्षेत्र तपासून होते.

गढूळ पाण्यात काम फार वाढते. एका फेरीत २ मीटर रुंदीचीच पट्टी नीट दिसत असेल, तर १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद क्षेत्रासाठी ५० फेऱ्या, म्हणजेच अडीच किलोमीटर पोहणे आवश्यक ठरते. वस्तू सापडल्यावर तिच्यावर खुणेचा बोया सोडला जातो आणि उपग्रहाधारित यंत्राने स्थान नोंदवले जाते. जड किंवा रुतलेल्या वस्तू काढण्याचे काम यंत्रसामग्री असलेल्या पथकाकडे सोपवले जाते.

धोके आणि दक्षता

पोहणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर धोका डोके पुढे करून सूर मारणाऱ्याला असतो. पाण्याखालील खांबावर डोके आदळल्यास मानेच्या मणक्याला इजा होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. खिळ्यांमुळे जखमा व धनुर्वाताचा संसर्ग संभवतो.

पाणबुड्यांनाही तारा आणि जाळ्यांत अडकण्याची भीती असते. त्यामुळे ते जोडीनेच उतरतात आणि दोर कापण्याचे साधन व जाड हातमोजे वापरतात. अनोळखी धातूच्या वस्तूला हात न लावणे हाही महत्त्वाचा नियम आहे. न्यू जर्सीतील सर्फ सिटी येथे २००७ मध्ये, समुद्रतळातून उपसून पुळणीवर टाकलेल्या वाळूत पहिल्या महायुद्धाच्या काळातील स्फोटकांचे भाग आढळले होते.

मर्यादा

वाळूखाली गाडलेली वस्तू पाणबुड्यास दिसत नाही. त्यामुळे काहीही न आढळणे म्हणजे तळ निर्धोक असणे नव्हे. पाहणी त्या दिवशीच्या तळापुरतीच खरी असते. मोठ्या लाटांनंतर ती पुन्हा करावी लागते आणि हंगामभर जीवरक्षकांना लक्ष ठेवावे लागते. पाहणी झालेल्या किनाऱ्यावरही प्रथम पायांनी चाचपत पाण्यात उतरणे आणि उथळ पाण्यात सूर न मारणे, ही खबरदारी पोहणाऱ्याने स्वतः घ्यावयाची असते.